धावताना गार, थांबलं की गरम

प्रश्न : तासगावची द्राक्षं घेऊन वाशीला जातो. पिकअपचा एसी हायवेला गार लागतो, पण आनेवाडी टोलच्या रांगेत गरम हवा फेकतो. गॅस भरू का?

उत्तर : इतक्यात नको. धावताना गार म्हणजे कॉम्प्रेसर चालतोय. उभ्या गाडीत कंडेन्सरला वारा मिळत नसावा. एसी लावून बॉनेट उघडा. कंडेन्सरचा पंखा बंद असेल तर फ्यूज, रिले, मग मोटर बघा. फिरत असेल तर जाळीत धूळ नि उसाचं पाचट अडकलेलं असणार. इंजीन थंड झाल्यावर साध्या पाइपने धुवा. वॉशिंग सेंटरच्या प्रेशरने नाजूक पात्या वाकतात, मग खर्च आलाच. तरीही फरक नाही? जोडांवर तेलकट डाग शोधा. गळती न काढताच गॅस भरणारा मिस्त्री मात्र टाळा.