आल्यागेल्याचे अंगण

वर्धा जिल्ह्यातील सेलू तालुक्यात हिंगणी नावाचे गाव आहे. गावापलीकडे बोर नदीवरील धरण आणि त्यालगतचे जंगल. वैशाखातील दुपारी या भागात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. अशा उन्हातून चालत आलेल्या माणसाची घराशी पहिली भेट होते ती अंगणात. तेथे सावली, पाणी आणि टेकावयास जागा मिळाली, तर यजमानाने ‘या, बसा’ म्हणण्यापूर्वीच त्याचे स्वागत झालेले असते.

असे अंगण मांडावयाचे, तर आरंभ मातीपासून करावा लागतो. वर्ध्याकडील काळी माती कपाशीला मोठी मानवते. घराला मात्र ती छळते. पावसात ती फुगते आणि पायांना चिकटते. उन्हाळ्यात तिला बोट शिरेल एवढ्या भेगा पडतात. म्हणून तिच्यावर मुरूम पसरून, पाणी शिंपडून तो धुमसाने ठोकून बसवितात. जमिनीचा उतार घराकडून बाहेर असावा. दहा फुटांना दोन-तीन इंच पुरेत. उतार उलटा झाला, तर पाणी पायाशी मुरते, माती फुगते आणि भिंतीला तडे जातात.

सावलीसाठी कडुनिंबासारखे झाड नाही. त्याची जुनी पाने उन्हाळ्याच्या तोंडाशी गळतात आणि ऊन कडक होईपर्यंत नवी पालवी दाट झालेली असते. ते पश्चिमेस लावले, की दुपारचे ऊन अडते. पिंपळ मात्र घराशी लावू नये. त्याची मुळे भिंतीत शिरतात. त्याला मोकळे मैदान हवे.

तसे मैदान याच जिल्ह्यातील सेवाग्राम येथे पाहावयास मिळते. १९३६ साली महात्मा गांधी तेथे राहावयास आले, तेव्हा त्या खेड्याचे नाव शेगाव होते. त्याच नावाच्या दुसऱ्या गावामुळे टपालाचा घोटाळा होई, म्हणून १९४० साली ते बदलले. माती, बांबू आणि कवेलू यांच्या साध्या कुटींपुढे प्रार्थनेची मोकळी जागा आहे. गांधीजींनी लावलेला पिंपळ आणि कस्तुरबांनी लावलेली बकुळ तेथेच आहेत. प्रार्थनेच्या वेळी आश्रमवासी आणि पाहुणे त्या जमिनीवरच बसत.

आता पुष्कळ घरांपुढे सिमेंटचे अंगण दिसते. त्याने चिखल टळतो, आणि पावसाने वाहून गेलेले सारवण पुन्हापुन्हा करण्याचे कष्ट वाचतात. हे कष्ट बहुधा घरातील बायकाच करीत आल्या, तेव्हा या सोयीस नावे ठेवणे बरे नव्हे. परंतु सिमेंट दिवसभर तापते व रात्री उशिरापर्यंत धग सोडते. पावसाचे पाणीही त्यात मुरत नाही. फाटकापासून दारापर्यंत तीन फूट रुंदीची फरशी घालावी आणि बाकीची जमीन मोकळी ठेवावी, म्हणजे दोन्ही गोष्टी साधतात. मोकळ्या जमिनीवर सायंकाळी सडा घातला, की पाण्याची वाफ होताना जमिनीतील उष्णता निघून जाते आणि अंगण निवते.

दारासमोर तुळशीवृंदावन, उंबरठ्यापुढे रांगोळी, निंबाखाली दगडी ओटा, एवढे झाले की राहतो रांजण. तो छपरीत न ठेवता फाटकाजवळ, सावलीत ठेवावा. त्यावर झाकण आणि झाकणावर पेला असावा. म्हणजे अनोळखी वाटसरूलाही कोणास हाक न मारता पाणी पिता येते.