पट्टी, सातबारा आणि आबांचा अंगठा

वणीच्या शिवारात आमची चार एकर जमीन आहे. थोडी द्राक्षं, थोडे टोमॅटो आणि कांदा. पिकाची राखण आमच्या आबांनी शिकवली, कागदाची राखण मात्र ठेचा खाऊन शिकलो. सरकारी अनुदानाच्या मागे फिरताना जे कळलं, ते दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडावं म्हणून लिहितो आहे.

१. पट्टीशिवाय माल विकू नका.
२०२३ च्या फेब्रुवारीत लाल कांद्याचा भाव इतका पडला की काढणीची मजुरीही सुटेना. १२ मार्चला दिंडोरीतून किसान सभेचा लाँग मार्च निघाला आणि त्याच आठवड्यात सरकारने क्विंटलला आधी ३००, मग ३५० रुपये अनुदान जाहीर केलं. १ फेब्रुवारी ते ३१ मार्च या काळात बाजार समितीसारख्या अधिकृत ठिकाणी विकलेल्या कांद्यालाच ते होतं. मर्यादा २०० क्विंटल, म्हणजे जास्तीत जास्त ७०,००० रुपये. माझा अर्धा कांदा वणीच्या उपबाजारात गेला होता, त्याची पट्टी, म्हणजे विक्रीची पावती, होती. उरलेला मी बांधावरच रोखीने देऊन टाकला होता. त्याचा एक रुपयाही धरला गेला नाही.

२. पीक उभं असतानाच नोंदवा.
२०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आपल्याच मोबाइलवर करायची आहे. मी ती टाळली आणि सातबाऱ्यावर कांदा लागलाच नाही. कांद्याच्या अनुदानाला तर तीच नोंद हवी होती. पुढे गावपातळीवरच्या समितीच्या दाखल्याची सोय झाली म्हणून निभावलं. बांधावरची दहा मिनिटं वाचवली आणि हेलपाट्यांत कितीतरी दिवस घालवले.

३. नावं जुळवून घ्या.
सातबारा आबांच्या नावावर, पट्टी माझ्या नावावर. सहमतीचं शपथपत्र करावं लागलं. तेव्हापासून पट्टीवर सातबाऱ्यावरचंच नाव लावतो. आधार, बँकेचं पासबुक आणि सातबारा यांतलं नाव अक्षरन् अक्षर ताडून पाहा.

४. म्हाताऱ्या माणसांचं केवायसी आधी करा.
पीएम किसानचे वर्षाला ६,००० रुपये, २,००० च्या तीन हप्त्यांत. २०२३ पासून राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचे तेवढेच आणखी. एका हप्त्यात डीएपीची एक गोणी आणि युरियाच्या दोन येतात. ही मदत आम्हाला लहान नाही. पण खुरपं धरून धरून आबांच्या बोटांच्या रेषा झिजल्या आहेत. यंत्र अंगठा घेईना आणि हप्ता थांबला. शेवटी मोबाइलवर चेहरा दाखवून केवायसी झालं. ज्या हातांनी शेती केली, त्याच हातांमुळे हप्ता अडावा, याचं आबांना फार वाईट वाटलं. मलाही.

५. पूर्वसंमतीआधी खरेदी करू नका.
ठिबक सिंचनाला राज्याच्या जोड अनुदानासह लहान शेतकऱ्याला ८० टक्के, इतरांना ७५ टक्के मिळतात. पण सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज, मग निवड, मग पूर्वसंमती आणि त्यानंतर खरेदी, हाच क्रम. आमच्या शेजाऱ्यांनी घाईने नळ्या आधी आणल्या, त्यांना काहीच मिळालं नाही.

६. अनुदानाच्या भरवशावर उधारी करू नका.
कांद्याचं अनुदान मार्चमध्ये जाहीर झालं, पण पैसे येईपर्यंत पुढचा हंगाम उजाडला आणि तेही टप्प्याटप्प्याने आले. मी दुकानदाराला तारीख देऊन बसलो होतो. शब्द मोडला. आता जमाखर्चात अनुदान धरतच नाही. आलं की खतापाण्याला लावतो.

१५ एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांसाठी फार्मर आयडी, म्हणजे शेतकऱ्याचा ओळख क्रमांक, सक्तीचा झाला आहे. म्हणजे आणखी एक नोंदणी. म्हणून शिकलेल्या पोरांना हात जोडून सांगणं आहे: आपलं काम झालं की शेजारच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचंही करून द्या. त्याचा हप्ता अडला असेल, तर तो कुणाला सांगायचाही नाही.