संपन्न देशातील कर्करोग : ऑस्ट्रेलियाचे उदाहरण

उपासमार व अस्वच्छता ह्यांमुळे फैलावणारे अनेक रोग संपन्न देशांतून जवळजवळ नाहीसे झाले आहेत. कर्करोग मात्र तेथे ठाण मांडून आहे. ऑस्ट्रेलियाची लोकसंख्या पावणेतीन कोटींच्या आसपास आहे. तेथे दर वर्षी दीड लाखांहून अधिक लोकांना कर्करोग झाल्याचे आढळते आणि दर 10 मृत्यूंपैकी सुमारे 3 मृत्यू ह्याच रोगाने होतात. असे का व्हावे?

कारणे

शरीरातील पेशी ठराविक मर्यादेत विभागत असतात. पेशीतील डीएनए ह्या द्रव्यात बिघाड साचत गेले म्हणजे हे नियंत्रण सुटते, पेशी बेसुमार वाढतात व इतर अवयवांत शिरतात. बिघाड साचण्यास बहुधा बराच काळ लागतो. म्हणून जेथे लोक दीर्घायुषी असतात, तेथे कर्करोगही अधिक दिसतो. ऑस्ट्रेलियात सरासरी आयुर्मान 80 वर्षांहून अधिक आहे.

परंतु वय हे एकच कारण नव्हे. तेथील बहुसंख्य लोक युरोपीय वंशाचे असून त्यांच्या गौर त्वचेत संरक्षक रंगद्रव्य अल्प असते. प्रखर उन्हातील अतिनील किरण अशा त्वचेतील पेशींना सहज इजा करतात. त्यामुळे त्वचेचा कर्करोग, विशेषतः मेलॅनोमा हा त्याचा घातक प्रकार, तेथे फार आढळतो. दुसरे कारण तंबाखू. फुफ्फुसाच्या कर्करोगाने तेथे इतर कोणत्याही कर्करोगापेक्षा अधिक माणसे दगावतात. तिसरे कारण पॅपिलोमा विषाणू होय. गर्भाशयमुखाचे बहुतेक सर्व कर्करोग त्याच्या दीर्घकालीन संसर्गातून उद्भवतात.

प्रतिबंध

कारण कळले म्हणजे उपायाची दिशा सापडते. 1981 साली व्हिक्टोरिया राज्यात एका समुद्रपक्ष्याच्या चलच्चित्राद्वारे लोकांना सदरा घालण्याचा, संरक्षक मलम लावण्याचा व टोपी वापरण्याचा उपदेश सुरू झाला. आज अनेक प्राथमिक शाळांत टोपी नसलेल्या मुलास उन्हात खेळू देत नाहीत. ह्या शिकवणीत वाढलेल्या तरुण पिढीत मेलॅनोमाचे प्रमाण घटले आहे. डिसेंबर 2012 पासून सिगारेटच्या पाकिटांवरील आकर्षक रंग व बोधचिन्हे बंद झाली. असे करणारा ऑस्ट्रेलिया हा पहिला देश होय.

क्वीन्सलंड विद्यापीठात इयान फ्रेझर व जियान झोऊ ह्यांनी 1991 साली पॅपिलोमा विषाणूच्या कवचासारखे निरुपद्रवी कण तयार केले. त्यांतून पुढे लस निर्माण झाली. 2007 पासून मुलींना व 2013 पासून मुलांनाही ती शाळांतून मोफत देण्यात येऊ लागली.

निदान व उपचार

रोग लवकर हाती लागल्यास शस्त्रक्रिया, किरणोपचार व औषधे अधिक गुणकारी ठरतात. ह्यासाठी 2006 पासून मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या चाचणीचे साहित्य ठराविक वयाच्या नागरिकांना टपालाने घरी पाठविण्यात येते. 1980 नंतरच्या दशकाच्या अखेरीस निदानानंतर 5 वर्षे जगणाऱ्या रुग्णांचे प्रमाण सुमारे निम्मे होते. आता ते 10 पैकी 7 इतके झाले आहे.

उरलेले कार्य

हे यश सर्वांच्या वाट्यास सारखे आलेले नाही. तेथील आदिवासींमध्ये कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण इतरांपेक्षा अधिक आहे. रुग्णालयापासूनचे दूर अंतर, उशिरा होणारे निदान व धूम्रपानाचे जास्त प्रमाण ही त्याची काही कारणे होत. ही दरी बुजविण्यास नवी औषधे पुरेशी नाहीत. गर्भाशयमुखाच्या तपासणीसाठी लागणारा नमुना स्वतःच घेण्याची मुभा 2022 पासून सर्व पात्र स्त्रियांना मिळाली, ती ह्याच दृष्टीने मोलाची आहे. जी तपासणी दूरच्या वस्तीतील स्त्रीलाही सहज करता येते, तीच खऱ्या अर्थाने देशाची तपासणी म्हणता येईल.