हृदयाचा सी.टी. स्कॅन : किरण कमी, चित्र स्पष्ट

सोलापूर हे केवळ एका जिल्ह्याचेच नव्हे, तर शेजारच्या धाराशिव आणि सीमेपलीकडील विजयपूर व कलबुर्गी या भागांतील रुग्णांचेही उपचारकेंद्र आहे. येथील डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६३ साली सुरू झाले. अशा शहरात करमाळ्याहून पहाटेच्या एस.टी.ने निघालेला, वाटेत दोनदा चहा घेतलेला आणि वेळ गाठण्यासाठी धावपळ केलेला रुग्ण हृदयाच्या सी.टी. स्कॅनसाठी टेबलावर निजतो, तेव्हा त्याची नाडी सहज नव्वदीत असते. त्याच्या शरीरातून किती क्ष-किरण पाठवावे लागणार, हे पुष्कळसे या नाडीवर अवलंबून आहे.

हृदय सतत हलत असते. दोन ठोक्यांमधील विसाव्यात मात्र ते क्षणभर जवळजवळ स्थिरावते. नाडी साठच्या आसपास असली म्हणजे हा विसावा लांबतो. मग ईसीजीच्या संकेतानुसार यंत्र तेवढ्याच क्षणी किरण सोडते, एरवी बंद राहते. नाडी जलद असल्यास नेमका क्षण हुकण्याचे भय असते व किरण अधिक काळ चालू ठेवावे लागतात. म्हणूनच नाडी मंदावणारे औषध देण्यात येते. दमा असलेल्या रुग्णाने तसे आधीच सांगणे अगत्याचे आहे, कारण यांपैकी काही औषधे त्याला सोसत नाहीत. चहा-कॉफी आदल्या रात्रीपासून वर्ज्य. सोलापूरकडच्या माणसाला हे पथ्य औषधापेक्षा जड जाते, हा भाग वेगळा!

दुसरा उपाय विद्युत्दाबाचा. सडपातळ रुग्णासाठी १२० ऐवजी १०० किलोव्होल्ट वापरल्यास मात्रा सुमारे एक-तृतीयांशाने उतरते. शिरेतून दिलेले आयोडीनयुक्त द्रव्य कमी दाबावर उलट अधिक उजळ दिसते. परंतु किरण घटले की चित्र दाणेदार होते. मात्रा निम्मी केल्यास हा दोष सुमारे ४० टक्क्यांनी वाढतो. संगणकाच्या नव्या पद्धती तो बराच झाकतात. तरीही काटकसरीचा अतिरेक नको. रोहिणीतील अडथळा न दिसल्याने तपासणी पुन्हा करावी लागली, तर सारी बचत वाया जाते.

२००७ साली अनेक देशांतील रुग्णालयांच्या पाहणीत या तपासणीची मध्यम मात्रा सुमारे १२ मिलीसिव्हर्ट आढळली होती. निसर्गातून माणसाला वर्षाला सरासरी सुमारे २.४ मिलीसिव्हर्ट मिळतात. २०१७ च्या तशाच पाहणीत मात्रा जवळजवळ चार-पंचमांशाने घटलेली दिसली. तथापि रुग्णालयारुग्णालयांतील तफावत फार मोठी होती. म्हणजे यंत्राइतकेच ते चालविणाऱ्या हातांचेही महत्त्व आहे.

भारतात सी.टी. यंत्र वापरण्यास १९८३ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो. यंत्रावर काम करणाऱ्यांसाठी वार्षिक मात्रेची मर्यादा ठरलेली आहे. रुग्णासाठी अशी मर्यादा नाही. तपासणीची गरज व मात्रा डॉक्टरांनी ठरवावयाची असते. त्यांना तो निर्णय नीट घेता यावा यासाठी रुग्णाबरोबर जाणाऱ्याने पूर्वीच्या स्कॅनचे अहवाल व चित्रे न विसरता न्यावीत.