महागड्या घड्याळाला न जमणारा अर्धा तास

(इयत्ता ६ वी ते ८ वी : प्रमाणवेळ व दिनदर्शिका)



भारताची प्रमाणवेळ ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे आहे, हे वाक्य मुलं परीक्षेत न चुकता लिहितात. पण यातला 'साडे' आला कुठून, असं विचारलं की वर्ग गप्प! हा पाठ घेताना एक साधन फार कामाला येतं, ते म्हणजे रोलेक्स कंपनीचं 'स्काय-ड्वेलर' हे मनगटी घड्याळ. किंमत लाखांत, हौशी लोक संग्रहात जपून ठेवतात. आपल्याला त्याचं चित्र पुरे, विकत घेणं काही पगारात बसायचं नाही.

२०१२ साली आलेल्या या घड्याळात तारीख-महिना आणि दोन ठिकाणच्या वेळा दिसतात. तबकडीवर बारा आकड्यांच्या जागी बारा छोट्या खिडक्या आहेत. तिसरी खिडकी रंगली की मार्च. महिना ३० चा की ३१ चा हे घड्याळ स्वतः ओळखतं. फसतं ते फक्त फेब्रुवारीत. २८ तारखेनंतर ते सरळ २९ दाखवतं, म्हणून १ मार्चला तारीख हातानं लावावी लागते. मुठीच्या उंचवट्यांवर महिने मोजणारी आपली पोरं इथे घड्याळाच्या पुढे आहेत! हे त्यांना जरूर सांगा, खूश होतात.

आता खरा मुद्दा. नेहमीचे काटे आपण आहोत तिथली वेळ दाखवतात आणि आतली २४ तासांची फिरती चकती दुसऱ्या गावची. प्रवासात तासकाटा एकेक तासानं पुढे-मागे उडी मारतो, मिनिटकाटा मात्र दोन्ही वेळांना एकच. म्हणजे लंडनमध्ये १० वाजून ० मिनिटे असतील तर इथेही ० मिनिटेच! भारतात तेव्हा साडेतीन झालेले असतात. लाखांचं घड्याळ आपल्या अर्ध्या तासापाशी अडतं.

तो अर्धा तास फळ्यावर असा काढावा. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ अंश, एका अंशाला ४ मिनिटे. आपलं प्रमाण रेखावृत्त ८२° ३०' पूर्व. ८२.५ गुणिले ४ म्हणजे ३३० मिनिटे, म्हणजेच साडेपाच तास. ७५ अंश धरले असते तर पाच तास आले असते, ९० धरले असते तर सहा. देशाच्या मधोमध जाणारं रेखावृत्त निवडलं, ते नेमकं दोघांच्या मध्ये पडलं.

मग सिरसाळ्याचं काय? परळीचा हा सगळा भाग साधारण ७६.५ अंशांवर. फरक ६ अंशांचा, म्हणजे २४ मिनिटांचा. मैदानात काठी रोवली तर सर्वांत छोटी सावली बाराला पडत नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२:०८ च्या आसपास, फेब्रुवारीच्या मध्यात १२:३८ च्या आसपास पडते. मुंबई तर आणखी पश्चिमेला. १९०६ पासून देशाची प्रमाणवेळ लागू झाली, तरी मुंबईनं ३९ मिनिटे मागे असलेली आपली 'मुंबई वेळ' १९५५ पर्यंत सोडली नव्हती. त्या काळी तिथे खरोखरच दोन वेळांचं घड्याळ लागलं असतं, आणि तेही तासाच्या उड्या मारणारं नव्हे.

आता गंमत. घरातलं काट्यांचं साधं घड्याळ घ्या, सकाळचे साडेदहा लावा आणि उलटं धरा, बारा खाली. आकडे विसरून फक्त काटे वाचायला सांगा. पाच वाजलेले दिसतील, हीच लंडनची वेळ! अर्धी तबकडी म्हणजे मिनिटकाट्याची ३० मिनिटे, पण तासकाट्याचे सहा तास. म्हणून तासकाटा जरा मागे, चार-पाचच्या मध्ये दिसतो. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत लंडनवाले घड्याळ तासभर पुढे करतात, तेव्हा एक तास मिळवायचा. मोबाईलवर वेळ बघायची सवय लागलेल्या मुलांना काटे वाचायला इथे वेळ लागतो. पालकांनी घाई करू नये.

गृहपाठ : नेपाळ ग्रीनिचच्या ५ तास ४५ मिनिटे पुढे आहे. काठमांडूतल्या मुलानं घड्याळ उलटं धरलं, तर त्याला लंडनची वेळ कळेल का? काटे काढून दाखवा.