रुग्णवाहिका येईपर्यंत
बुलढाणा जिल्ह्यातील तातडीची वैद्यकीय सेवा आणि गावाचे कर्तव्य

अपघात, सर्पदंश, हृदयविकाराचा झटका किंवा अवघड बाळंतपण अशा प्रसंगी '१०८' हा क्रमांक फिरवावा, हे आता खेड्यापाड्यांतही सर्वांना ठाऊक झाले आहे. क्रमांक फिरविला की आपले काम संपले, अशीही एक समजूत त्याबरोबर रूढ झाली आहे. वस्तुतः रुग्णवाहिका हा एका साखळीचा मधला दुवा आहे. या साखळीचा पहिला दुवा रुग्णाच्या शेजारी उभा असलेला माणूस होय आणि शेवटचा दुवा रुग्णालय. पहिला दुवा कच्चा राहिला तर पुढील दोन्ही दुवे कितीही मजबूत असले तरी त्यांचा उपयोग मर्यादितच राहतो. हा पहिला दुवा बळकट करणे हे शासकीय यंत्रणेइतकेच गावाचेही काम आहे.

सेवेची रचना

'१०८' क्रमांकाच्या सेवेचा आरंभ देशात प्रथम २००५ साली आंध्र प्रदेशात झाला. महाराष्ट्रात ही सेवा जानेवारी २०१४ मध्ये सुरू करण्यात आली. आरंभी तिच्यासाठी ९३७ रुग्णवाहिकांची योजना होती. त्यांपैकी २३३ रुग्णवाहिका प्रगत जीवरक्षक उपकरणांनी सज्ज, तर ७०४ मूलभूत उपकरणे असलेल्या होत्या. रुग्णवाहिकेत चालकाबरोबर डॉक्टरही असावा, हे महाराष्ट्रातील योजनेचे खास वैशिष्ट्य. राज्यातून येणाऱ्या दूरध्वनींसाठी पुण्यात मध्यवर्ती नियंत्रण कक्ष उभारण्यात आला. गरोदर माता व आजारी अर्भके यांच्या मोफत वाहतुकीसाठी '१०२' क्रमांकाची वेगळी सोय आहे. २०११ साली सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाशी ती जोडलेली आहे.

दूरध्वनी घेणारी व्यक्ती नियंत्रण कक्षात, म्हणजे घटनास्थळापासून शेकडो किलोमीटर दूर असते. 'आमच्या गावाजवळ मारुतीच्या देवळापाशी' एवढ्या वर्णनावरून तिला ठिकाण कळणे शक्य नाही. गावाचे नाव, तालुका, रस्ता, मैलाचा दगड, रुग्णांची संख्या आणि त्यांची स्थिती या गोष्टी शांतपणे सांगणारा एक माणूसही अनेक मिनिटे वाचवू शकतो.

जिल्ह्याचा भूगोल

तेरा तालुक्यांच्या बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार २५ लाख ८६ हजारांच्या घरात होती आणि तीपैकी सुमारे चार पंचमांश लोक ग्रामीण भागात राहत होते. 'घाटावर' आणि 'घाटाखाली' अशी या जिल्ह्याची विभागणी लोकांच्या बोलण्यातच रुळलेली आहे. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यातील काळी जमीन आहे. पावसाळ्यात तेथील पाणंद रस्त्यांवरून बैलगाडी नेणेही कठीण होते. उत्तरेस जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांत सातपुड्याच्या पायथ्याशी आदिवासी वस्त्या आहेत. जुलै २०२३ मधील अतिवृष्टीत याच दोन तालुक्यांना पुराचा मोठा फटका बसला. बुलढाण्याहून खाली उतरताना राजूर घाट किंवा बोथा घाट ओलांडावा लागतो. अशा प्रदेशात नकाशावरचे अंतर आणि प्रत्यक्ष लागणारा वेळ यांचा मेळ बसत नाही.

घाटावरील मेहकर, लोणार, सिंदखेड राजा व देऊळगाव राजा या तालुक्यांतून समृद्धी महामार्ग जातो. त्याचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेड राजा तालुक्यातील पिंपळखुटा शिवारात नागपूरहून पुण्याकडे जाणारी खासगी प्रवासी बस उलटून पेटली आणि २५ प्रवाशांचा मृत्यू झाला. आठ जण वाचले. इतक्या वेगाने भडकणाऱ्या आगीपुढे बाहेरून येणाऱ्या मदतीला फारसा वाव उरत नाही, हे कटू सत्य आहे. त्याच कारणाने पहिल्या काही मिनिटांचे मोल या दुर्घटनेने अत्यंत कठोरपणे दाखवून दिले. हा महामार्ग कुंपणाने बंदिस्त आहे. अपघात शेताच्या बांधापासून हाकेच्या अंतरावर दिसला, तरी वाहनाला ठराविक ठिकाणीच मार्गावर चढता येते. म्हणून तेथून दूरध्वनी करताना किलोमीटरचा फलक आणि नागपूरकडे जाणारी बाजू की मुंबईकडे जाणारी, हे सांगणे आवश्यक ठरते.

पहिली दहा मिनिटे

रुग्णवाहिका वीस किलोमीटरवर असेल आणि ताशी साठ किलोमीटर वेगाने विनाअडथळा आली, तरी तिला वीस मिनिटे लागतात. हृदयक्रिया थांबल्यावर मेंदूला प्राणवायू मिळाला नाही, तर साधारणपणे चार ते सहा मिनिटांनंतर त्याची हानी होऊ लागते. मोठी रक्तवाहिनी तुटल्यास रुग्ण काही मिनिटांतच दगावू शकतो. हा हिशेब कोणत्याही वाहनसंख्येने पूर्णपणे सुटणारा नाही. तो गावातील माणसांनीच सोडवावा लागतो.

त्यासाठी लागणारे ज्ञान मात्र थोडे आहे. रक्तस्राव होत असेल तर जखमेवर स्वच्छ कापड ठेवून तळहाताने सतत दाब द्यावा. दर मिनिटाला कापड उचलून पाहू नये. प्रौढ रुग्ण बेशुद्ध असेल आणि त्याचा श्वास नीट चालत नसेल, तर छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी, सुमारे पाच सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाब द्यावा आणि मदत येईपर्यंत थांबू नये. ही क्रिया वाचून नव्हे, तर प्रशिक्षण घेऊन अंगवळणी पाडावी लागते. मानेला किंवा पाठीला मार लागलेल्या माणसाला आग वा वाहतुकीचा धोका नसेल तर ओढून उचलू नये.

सर्पदंशाच्या बाबतीत चुकीच्या उपचारांचा धोका विशेष आहे. जखम कापणे, विष चोखणे, घट्ट आवळपट्टी बांधणे, साप मारण्यासाठी धावणे किंवा रुग्णाला मांत्रिकाकडे नेणे यांत मोलाचा वेळ जातो. रुग्णाला धीर द्यावा, दंश झालेला अवयव फळीच्या आधाराने स्थिर ठेवावा, अंगठी, बांगडी, पैंजण काढावेत, दंशाची वेळ लक्षात ठेवावी आणि प्रतिसर्पविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात त्यास पोहोचवावे. रात्री पिकाला पाणी देणारा शेतकरी या संकटाच्या सर्वांत जवळ असतो.

लोकांनी उभारलेल्या सेवेचा इतिहास

सामान्य माणसे वैद्यकीय साहाय्याचे काम करू शकतील काय, अशी शंका नेहमी घेतली जाते. महाराष्ट्रानेच तिचे उत्तर दिले आहे. १९७० साली डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेड येथे कार्य सुरू केले. त्यांनी अल्पशिक्षित ग्रामीण स्त्रियांना प्रशिक्षण देऊन आरोग्य कार्यकर्त्या म्हणून उभे केले. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातील स्त्रियांकडून नवजात बालकांची घरोघरी काळजी घेण्याचा प्रयोग केला. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तेथील नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाला. २००५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून 'आशा' स्वयंसेविका गावोगाव आल्या. रात्री-अपरात्री गरोदर मातेबरोबर वाहनात बसणारी पहिली व्यक्ती बहुधा तीच असते.

परदेशांतही या सेवेचा उगम लोकांच्या पुढाकारात आढळतो. ८ डिसेंबर १८८१ रोजी व्हिएन्नामधील एका नाट्यगृहाला आग लागून शेकडो प्रेक्षक मृत्युमुखी पडले. दुसऱ्याच दिवशी डॉ. यारोमिर मुंडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वयंसेवी बचाव संस्था स्थापन केली. शोकाचे रूपांतर संघटनेत करण्याचे हे उदाहरण मार्गदर्शक आहे.

बुलढाणा जिल्ह्याला सेवेचा संस्कार नवा नाही. शेगावच्या श्री गजानन महाराज संस्थानात हजारो सेवेकरी पाळीपाळीने विनामोबदला सेवा देतात. हिवरा आश्रमातील महाप्रसादाची शिस्त अनेकांनी पाहिलेली आहे. ज्या हातांना पंगत शिस्तीने वाढता येते, त्यांना प्रथमोपचार शिकणे अवघड नाही.

कायद्याचे संरक्षण

'पोलिसांचे लचांड मागे लागेल' या भीतीने पुष्कळ लोक अपघातग्रस्तांपासून दूर राहतात. या भीतीला आता आधार उरलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी मदतकर्त्यांच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली समाविष्ट झालेल्या कलम १३४-अ नुसार सद्हेतूने मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी दायित्व येत नाही. आपले नाव सांगण्याची सक्तीही त्याच्यावर करता येत नाही. गंभीर जखमीला वेळेत रुग्णालयात पोहोचविणाऱ्यास केंद्र शासनाच्या 'राह-वीर' योजनेत २५ हजार रुपयांचे पारितोषिक आहे. ही माहिती ग्रामसभेत वाचून दाखविण्याजोगी आहे.

पंचायतीने काय करावे?

मोठ्या निधीशिवाय करता येण्याजोग्या काही गोष्टी अशा :

१. प्रत्येक वस्तीतून चार-पाच तरुण-तरुणी निवडून प्राथमिक आरोग्य केंद्राच्या साहाय्याने त्यांना प्रथमोपचाराचे प्रशिक्षण द्यावे आणि दरवर्षी त्याची उजळणी घ्यावी.

२. '१०८', '१०२' व पोलीस मदतीसाठी '११२' हे क्रमांक, तसेच गावाचे ठिकाण सांगण्याचा नेमका मजकूर शाळा, चावडी व दूध संकलन केंद्रावर रंगवावा.

३. पावसाळ्यात रस्ता तुटणाऱ्या वस्त्यांची यादी करावी. रुग्णाला डांबरी रस्त्यापर्यंत आणण्यासाठी स्ट्रेचर व वाहन कोठे मिळेल, हे आधीच ठरवावे.

४. रात्री रुग्णवाहिकेला फाट्यावर उभे राहून वाट दाखविणारी व्यक्ती नेमावी.

५. येत्या दोन महिन्यांत बाळंत होणाऱ्या मातांची यादी आशा स्वयंसेविकेकडून घेऊन वाहनाची पर्यायी व्यवस्था करावी.

६. शाळेत वरच्या वर्गांना महिन्यातून एक तास प्रथमोपचारासाठी द्यावा.

गाव आरोग्य, पोषण व स्वच्छता समिती हे या कामाचे स्वाभाविक व्यासपीठ आहे.

एक मर्यादा मात्र स्पष्ट असावी. स्वयंसेवक हा रुग्णवाहिकेला पर्याय नव्हे, तसेच तो रिकाम्या पदांची भरपाईही नव्हे. वाहन वेळेवर यावे, त्यात डॉक्टर असावा, रुग्णालयात प्रतिसर्पविष व रक्त असावे, ही जबाबदारी यंत्रणेचीच आहे. तिचा पाठपुरावा करणे हाही लोकसहभागाचाच भाग होय. आशा स्वयंसेविकेच्या श्रमांचा मोबदला वेळेवर मिळणेही तितकेच आवश्यक आहे. सेवाभावाच्या नावाखाली तिची उपेक्षा होऊ नये.

विहिरीत कोणी पडले तर गाव दोर शोधत बसत नाही, कारण दोर कोठे आहे हे सर्वांना माहीत असते. तातडीच्या वैद्यकीय मदतीबाबतही अशीच तयारी हवी. ती करावयाची वेळ अपघाताची नसून पुढील ग्रामसभेची आहे.