वाऱ्याआधी पाण्याचा विचार कर

ह्यूस्टन

चि. मनू,


फ्लोरिडातल्या सेंट पीटर्सबर्गच्या नव्या घरात तुमचं बस्तान बसलं, दादा-वहिनीही सहा महिन्यांसाठी येऊन पोचले, हे ऐकून समाधान वाटलं. १ जूनपासून हरिकेनचा मोसम सुरू होतो आणि तो ३० नोव्हेंबरपर्यंत चालतो. तू सामानाची यादी मागितलीस, ती देतोच. पण त्याआधी एक निर्णय घेऊन ठेव: घर कधी सोडायचं आणि कुणाकडे जायचं.

वादळ कितव्या श्रेणीचं, हेच सगळे विचारतात. ती श्रेणी फक्त वाऱ्याच्या वेगावरून ठरते. पाणी किती चढेल ते त्यातून कळत नाही. आणि जीव जास्त जातात ते पाण्याने. २०१७ मध्ये हार्वे वादळ आमच्याकडे पोचलं तेव्हा त्याचा वारा मंदावला होता, तरी पावसाने इथल्या वस्त्याच्या वस्त्या बुडाल्या. २०२४ च्या सप्टेंबरात हेलीन तुमच्यापासून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर, बिग बेंडला किनाऱ्यावर आलं. तरी तुमच्या पिनेलस काउंटीत समुद्र घराघरांत शिरला, माणसं बुडून गेली. ते निस्तरायच्या आत, दोन आठवडेही झाले नव्हते, तोच सिएस्टा की इथे मिल्टन धडकलं.

टीव्हीवरच्या नकाशात जो शंकू दाखवतात, तो केवळ वादळाच्या केंद्राचा संभाव्य मार्ग असतो. आपलं गाव त्याच्या बाहेर आहे म्हणून निर्धास्त राहू नकोस. २०२२ मध्ये इयन टँपाकडे येणार असा अंदाज होता. ते वळलं आणि दक्षिणेला फोर्ट मायर्सच्या बाजूला घुसलं. तिथल्या लोकांच्या हाती फार थोडा वेळ उरला.

म्हणून आधी काउंटीच्या नकाशावर तुमच्या घराचा निर्वासन विभाग बघ. ए ते ई अशी अक्षरं असतात आणि ए आधी रिकामा करतात. विम्याचा पूरनकाशा वेगळा, त्याच्याशी गल्लत करू नकोस. तुमच्या अक्षराला निघायचा हुकूम आला की वाद न घालता निघायचं. फार लांब पळावं लागत नाही. आतल्या बाजूला, उंचावर, ज्या भागाला हुकूम नाही तिथलं पक्कं घर पुरतं. महाराष्ट्र मंडळातल्या ओळखीच्या कुणाला तरी आत्ताच विचारून ठेव. त्यात संकोच कसला? उद्या ते तुझ्याकडे येतील.

आता सामान. माणशी रोज चार लिटर पाणी, निदान सात दिवसांचं. वीज गेली की शेगडीही बंद, म्हणून चिवडा, दशम्या, लाडू, डबाबंद पदार्थ असं न शिजवता खाता येईल ते. बॅटरीचे दिवे, पॉवर बँक, रोख पैसे आणि गाडीत भरपूर पेट्रोल. दादांचं इन्सुलिन आणि बर्फाची पेटी हाताशी ठेव; वहिनींच्या रक्तदाबाच्या गोळ्या, भारतातल्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, चौघांचे पासपोर्ट आणि विम्याचे कागद एका जलरोधक पिशवीत भर. खिडक्यांना झडपा किंवा प्लायवूड लाव. चिकटपट्ट्यांनी काच वाचत नाही. अंगणातल्या कुंड्या, खुर्च्या आत घे.

जनरेटर घ्यायचा असेल तर तो घरापासून निदान वीस फूट लांब, उघड्यावरच चालव. गॅरेजचं दार उघडं ठेवूनही आत लावायचा नाही. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि वादळातून वाचलेली माणसं त्याने नंतर दगावतात. साचलेल्या पाण्यात उतरू नकोस; तुटलेली वीजवाहिनी त्यात दिसत नाही.

घराच्या नेहमीच्या विम्यात पुराचं नुकसान धरत नाहीत. पुराचा विमा वेगळा काढावा लागतो आणि सरकारी योजनेत तो साधारण ३० दिवसांनी लागू होतो. वादळ दिसल्यावर धावपळ करून उपयोग नाही.

या रविवारी दादा-वहिनींना जवळ बसवून हे सगळं समजावून सांग. घर सोडून कुठे जायचं म्हणून दादा हट्ट धरतील. हुकूम सुटेल त्या दिवशी त्यांची समजूत काढायला वेळ नसेल, ती आत्ताच काढ. तुमच्या विभागाचं अक्षर आणि कुणाकडे जाणार त्यांचा पत्ता मला उलट टपाली कळव.

तुझा,
काका